चढावरची वीज

मामाचा एक डोळा गेला आणि त्याच्याबरोबर बसचं स्टिअरिंगही गेलं. निवृत्तीला अजून अवकाश होता, पण एका डोळ्यानं बघणाऱ्याच्या हाती प्रवासी कोण देणार? मग तो घरात नुसता बसून राहायला लागला. मामी म्हणायची, "सोफ्यालाच हँडब्रेक लावून बसलेत."

पुढे कुणीतरी त्याला बस चालवायचा कॉम्प्युटर गेम दाखवला आणि माणूस उठला. मधल्या खोलीत तीन पडदे आले, टेबलाला स्टिअरिंग लागलं, आणि एवढं मोठं चित्र ओढायला कॉम्प्युटरमध्ये दोन जुनी ग्राफिक्स कार्डं जुंपली गेली. असली जोडी पुन्हा मिळायची नाही, असं कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंनी तेव्हाच बजावलं होतं.

सपाटीवर सगळं झकास चालायचं. घाट लागला, झाडी, वळणं, दरी एकदम समोर आली, की दोन्ही कार्डं जोर लावायची आणि मशीन मान टाकायचं. तिन्ही पडदे काळे. मामा हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसायचा. ते मला बघवत नसे.

कमी पडत होता तो पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आत सगळ्यांना वाटणारा डबा. नवा निवडायला आम्ही त्याच दुकानात गेलो. मी सगळ्या भागांच्या वॅटची बेरीज घरूनच करून नेली होती, आणि ती बाईंना जरा ऐटीतच ऐकवली.

"बेरीज बरोबर आहे," बाई म्हणाल्या, "पण ही कार्डं मध्येच पापणी लवेपर्यंत दुप्पट वीज ओढतात. दोन्हींनी एकदम ओढली, की लहान सप्लाय घाबरून बंद पडतो."

"म्हणजे सपाटीचा हिशोब नको, चढाचा करा," मामा म्हणाला. बाईंनी बेरजेपेक्षा बराच मोठा, चांगल्यातला सप्लाय काढून दिला.

घरी आल्यावर जुना डबा काढला, नवा बसवला. जुन्या डब्याच्या सुट्या होणाऱ्या वायरी मामानं मागच्या बाजूनं इतक्या देखण्या बांधल्या होत्या, की त्या सोडवायचं दोघांच्याही जिवावर आलं. नव्या डब्यात त्यांची टोकं खटकन बसली. मी बटणाकडे हात नेला.

"थांब," मामा म्हणाला. गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारायची, हा त्याचा नोकरीभरचा नेम. कॉम्प्युटरलाही त्यानं चक्कर मारली. एकेक वायर बोटांनी चाचपत या टोकापासून त्या टोकाला गेला. मी कंटाळून उसासे टाकत होते. मग त्याची नजर खोक्यात उरलेल्या पिशवीवर गेली.

"एवढ्या नव्या वायरी कंपनीनं हौसेनं दिल्या असतील का गं?"

मी बाईंना फोन लावला आणि जुन्याच वायरी लावल्याचं सांगितलं. "बटण दाबलं नाहीत ना? टोकं बसतात, पण प्रत्येक सप्लायची आतली जोडणी वेगळी असते. दोन्ही कार्डं जळाली असती."

मामा तोवर खाली बसून जुन्या वायरींच्या गाठी सोडायला लागला होता.

नव्या वायरी लागल्या. मामी आतून हात पुसत येऊन उभी राहिली. घाट लागला. पंखे घोंघावायला लागले, दोन्ही कार्डं तापली, आणि बस चढतच राहिली. एक वळण, दुसरं वळण, पडदे लख्ख. भिंतीतून येणारी ती वीज, आणि तिच्या जोरावर मधल्या खोलीत उभा राहिलेला अख्खा डोंगर. मी खरोखर थक्क झाले होते.

माथ्यावर मामानं बस कडेला घेतली, ब्रेक लावला आणि मान वळवून बाजूच्या पडद्याकडे बघत राहिला. खाली दरी पसरली होती, तळाशी नदी चमकत होती.

"आता काय झालं?" मामीनं विचारलं.

"काही नाही. आयुष्यभर घाट चढलो, पण नजर रस्त्यावर. प्रवासी म्हणायचे, बघा बघा." तो जरा सरकला आणि तिला खुर्चीवर जागा करून दिली. "ये, बस. हे बघत होते होय सगळे."