भाऊजींना पुढे सोडलं

ऊर्मिला सोहोनी चिडली की भांडी घासते. घरात डिशवॉशर आहे, तरी घासते. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या फ्लॅटमध्ये जानेवारीतल्या त्या रविवारी ती कढईच्या मागे लागली होती, कारण मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिने टाकलेल्या स्की टूरला अठरा जणांनी लाइकचे अंगठे टाकले होते आणि नावं आली होती तीन. बाकीच्यांचं आपलं "बघू", "कळवतो", "हटवर वायफाय आहे का?" एकाने तर विचारलं होतं, वर चढायला लिफ्ट का नाही? अरे बाबा, लिफ्ट नसते म्हणून तर ती टूर!

तेवढ्यात निहार, तिचा नवरा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "दादा येतो म्हणतोय."

"कुठे?"

"तुझ्या टूरला."

ऊर्मिलाने नळ बंद केला.

ही टूर म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. ऊर्मिला मूळची सोलापूरची. बर्फ म्हणजे सरबतात घालायचा, एवढीच तिची त्याच्याशी ओळख. लग्न होऊन जर्मनीत आली, वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत कागदपत्रं तपासायच्या कामाला लागली, आणि छत्तिसाव्या वर्षी मुलाला स्कीच्या वर्गाला नेलं तेव्हा नुसतं काठावर बसून कुडकुडायचा कंटाळा आला म्हणून स्वतःच शिकली. पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. पडली, गुडघा सुजवून घेतला, पुन्हा उभी राहिली. पुढे गिर्यारोहकांच्या संघात गेली. तिथे वर्षाची वर्गणी भरली की स्की भाड्याने मिळतात, डोंगरातल्या हटमध्ये, म्हणजे लाकडी घरात, झोपायला जागा मिळते, स्वयंपाक आपला आपण करायचा, आणि संघातलीच अनुभवी माणसं फुकट बरोबर येतात. तयार उतारांवर नाही, त्यांच्या पलीकडच्या मोकळ्या डोंगरात. स्कीच्या तळाला मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, तीन तास पाय ओढत चढायचं आणि वीस मिनिटांत खाली यायचं. घरच्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. तिला त्या तीन तासांत जे मिळायचं ते दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं, पण हे ती कुणाला समजावत बसली नाही.

पाच हिवाळे ती गुड्रुनच्या मागून चालली. गुड्रुन संघाची प्रशिक्षक, वय त्रेसष्ट, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, बोलणं अगदी मोजकं. यंदा तिने सांगितलं, "दोन दिवसांची टूर तू ने. माणसं तुझी, निर्णय तुझे. मी बरोबर असेन, पण तोंड उघडणार नाही, अगदी जिवावर बेतल्याशिवाय. जमलं तर टूर लीडरच्या कोर्ससाठी तुझी शिफारस करते." संघातून वर्षाला एकालाच पाठवत. ऊर्मिलाला ते शिफारसपत्र हवं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी एखादी गोष्ट इतकी हवी असणं बरं दिसत नाही, म्हणून ती चारचौघांत "झालं तर झालं" म्हणायची. साफ खोटं! दोन महिने ती डोंगराचा नकाशा ताटाशेजारी ठेवून जेवत होती.

आणि दादा. श्रीरंग सोहोनी, निहारचे थोरले भाऊ, ऊर्मिलाचे भाऊजी. वय चौपन्न, बॉनला मोठ्या हुद्द्यावर. वडील गेल्यावर निहारचं शिक्षण त्यांनी केलं, त्याला जर्मनीत त्यांनीच आणलं, त्यामुळे घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. भाऊजी दर वर्षी आठवडाभर ऑस्ट्रियाला जातात. राहायला ऐटबाज लाकडी बंगला, दिमतीला खासगी गाइड, सकाळी हेलिकॉप्टर डोंगरावर नेऊन सोडतं, संध्याकाळी मालीश. ऊर्मिलाच्या संघाला ते "तुमचं ते सहकारी भांडार" म्हणतात. वाढदिवस असो की गणपती, जेवताना विषय निघतोच. "स्वस्तात असतं गं, मान्य आहे. पण तुमच्यात शिस्त नाही. आमच्या गाइडने हात वर केला की आठच्या आठजण जागच्या जागी उभे. डायरेक्टर लोक असतात त्यांत!"

"यंदा गाइडच्या तारखा जुळल्या नाहीत त्याच्या," निहार म्हणाला. "आता नाही कसं म्हणायचं?"

"तोंडाने म्हणायचं," ऊर्मिला म्हणाली. पण भाऊजींना फोन करून नकार कळवला का? तिनेही नाही कळवला.

फेब्रुवारीतल्या शुक्रवारी आलगॉयच्या डोंगरातल्या हटवर सात माणसं पोचली. ऊर्मिला, निहार, भाऊजी, डार्मश्टाटला पीएचडी करणारे शमिका आणि कबीर, वोल्फ्सबुर्गहून एकटा गाडी हाणत आलेला वेद, आणि गुड्रुन. भाऊजींच्या स्की इतक्या हलक्या की एका बोटावर तोलाव्यात. पाठीवर एक खास पिशवी, हिमस्खलनात दोरी ओढली की फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवणारी. बाकीच्यांचं सगळं भाड्याचं, त्यावर संघाचे नंबर रंगवलेले. भाऊजींनी हटमध्ये शिरताच पाणी कोण गरम करून देतं ते विचारलं. वेदने मुकाट्याने बंब पेटवला.

शनिवारी सकाळी ऊर्मिलाने सगळ्यांना नकाशाभोवती उभं केलं. "आज खिंडीपर्यंत जायचं. हिमस्खलनाचा धोका सकाळी कमी आहे. ऊन चढलं की वाढतो. खिंडीखालच्या शेवटच्या उतारावर सकाळपासूनच ऊन पडतं. म्हणून साडेअकराला जिथे असू तिथून परत फिरायचं. खिंड दिसत असली तरी. कळलं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. भाऊजींनीही. मग ती हटच्या कुंपणाच्या फटीत उभी राहिली आणि एकेकाला समोरून जाऊ दिलं. बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र प्रत्येकाच्या छातीवर असतं, ते चालू आहे की नाही हे लीडरने, माणूस समोरून जाताना आपलं यंत्र वाजतं का ते ऐकून, तपासायचं असतं. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं.

तपासून वळली तर भाऊजी सगळ्यांच्या पुढे, स्की चढवून, काठ्या रोवून तयार. "चला!"

लीडर पुढे चालतो. वाट तो पाडतो, वेग तो ठरवतो. ही पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट. "भाऊजी, मागे या" हे तीन शब्द ऊर्मिलाच्या ओठांपर्यंत आले. पण सोळा वर्षं त्या घरात पहिलं ताट भाऊजींचं, गाडीतली पुढची सीट भाऊजींची, आरतीला पहिला हात भाऊजींचा. तीन परक्या पोरांसमोर त्यांना मागे हो म्हणायचं? तिने काठी बाजूला घेतली. "व्हा ना पुढे, भाऊजी," ती म्हणाली.

गुड्रुन बाजूने, आपली वेगळी वाट काढत चालली होती. तिने पाहिलं. ठरल्याप्रमाणे काही बोलली नाही.

झालं! भाऊजी सुटले. हलक्या स्की, दमदार छाती, वळणं घ्यायचं नाव नाही, सरळ वरच. त्यांनी पाडलेल्या उभ्या वाटेवरून कबीर तीनदा मागे घसरला. शमिकाच्या टाचेला फोड आला, तिला पट्टी लावण्यात पाव तास गेला. निहार "दादाचा स्टॅमिना बघ" असं दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा ऊर्मिलाने दात आवळले. शेवटच्या उताराखाली पोचली तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. बर्फ ओला झाला होता, स्कीला चिकटत होता. भाऊजी दीडशे मीटर वर, भर उतारात.

"भाऊजी, थांबा! वेळ झाली!"

ते वळले, काठी हलवली. "पंधरा मिनिटं गं! आलोच!"

"भाऊजी, नको! परत या!"

ते गेले. तिने बाकीच्यांना खडकाच्या आडोशाला उभं केलं, पाठपिशवीतून बर्फ उकरायचं फावडं काढून हातात धरलं, आणि पस्तीस मिनिटं ती त्या उतारावरची नजर न हलवता उभी राहिली. "येईल गं, एक्स्पर्ट आहे तो," निहार म्हणाला. तिला त्याला तिथल्या तिथे फावड्याने हाणावंसं वाटलं.

आणि भाऊजी आले. काय सुंदर आले! लांबच लांब वळणं घेत, मागे बर्फाचा फवारा उडवत. काही तुटलं नाही, काही घसरलं नाही. "बघितलंस? काही झालं? उगीच घाबरवतेस पोरांना." वेदने चक्क टाळ्या वाजवल्या. कबीरने भाऊजींच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ मागितला. थोडं काहीतरी घसरायला हवं होतं, असं क्षणभर ऊर्मिलाच्या मनात आलं, आणि मग त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती कुणाशी न बोलता खाली उतरली.

दुपारी हटमध्ये गुड्रुन कांदा चिरत होती. ऊर्मिला शेजारी जाऊन उभी राहिली आणि सांगू लागली. नवऱ्याचा थोरला भाऊ, त्याचे उपकार, आमच्यात मोठ्या माणसाला असं... गुड्रुनने ऐकून घेतलं.

"तुमच्या घरातलं मला कळत नाही," ती म्हणाली. "पण सकाळी आठला तू त्याला पुढे सोडलंस. मग साडेअकराला हाका मारून काय उपयोग?" दोन कांदे आणखी चिरून झाल्यावर म्हणाली, "उद्याचा दिवस आहे अजून."

तिकडे टेबलावर भाऊजींची बैठक रंगली होती. "पुढच्या वर्षी माझ्या गाइडकडे चला सगळे. खर्च माझा! कसं असतं, व्यावसायिक माणूस तो व्यावसायिक माणूस. आणि ऊर्मिलालाही जरा आराम." पोरं खूश. निहार हसत होता. ऊर्मिलाने रिकामं पातेलं उचललं आणि घासायला घेतलं.

रविवारी सकाळी ती पुन्हा कुंपणाच्या फटीत उभी राहिली. भाऊजी पहिले आले. यंत्र वाजलं, पण ती बाजूला झाली नाही.

"भाऊजी, आज तुम्ही हटवरच थांबा."

"काय?"

"काल मी थांबा म्हटलं, तुम्ही थांबला नाहीत. आज मी तुम्हाला नेणार नाही." तिचा आवाज कापला, आणि कापला म्हणून ती स्वतःवरच भडकली.

"अगं ऊर्मिला, असं काय करतेस!" निहार पुढे सरकला. "तो मागे चालेल. काय रे दादा?"

"मी? हिच्या मागे?" भाऊजी हसायला गेले, पण हसू फुटलं नाही. "वीस वर्षं स्की करतोय मी."

"तुमच्या गाइडने हात वर केला की थांबता ना?"

"तो गाइड आहे!"

"इथे मी आहे."

शमिका आपल्या बुटांकडे बघत होती. भाऊजींनी वाकून स्की काढल्या आणि त्या खांद्यावर टाकून हटकडे चालू लागले. इतकी वर्षं ज्यांनी घर सांभाळलं त्यांची ती पाठ बघून ऊर्मिलाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग निहारने खाली वाकून आपल्याही स्की सोडवल्या.

"कुणीतरी थांबायला हवं ना त्याच्याबरोबर," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"थांब," ती म्हणाली.

शमिका गेली, कबीर गेला, वेद गेला. काल पाच होते, आज तीन. मग गुड्रुन आली. काल बाजूने चाललेली गुड्रुन आज रांगेत शेवटी उभी होती. ऊर्मिलाचं यंत्र वाजून ऊर्मिला मान हलवेपर्यंत थांबली, आणि मगच पुढे झाली.

ऊर्मिलाने वाट पाडली. लांब, सोप्या वळणांची, शमिकाची टाच सांभाळणारी. पहिला अर्धा तास गॉगलच्या आत डोळे वाहत होते, पण मागच्यांना ते दिसायचं काही कारण नव्हतं. अकरा दहालाच बर्फ चिकटायला लागला तेव्हा तिने हात वर केला. खिंड समोर दिसत होती. तिघं थांबले, गुड्रुन थांबली. ते वळले आणि खाली आले.

पार्किंगमध्ये गुड्रुनने गाडीच्या टपावर कागद ठेवून शिफारसपत्रावर सही केली, ऊर्मिलाच्या हातात दिलं आणि आपल्या गाडीत बसून निघून गेली.

परतीच्या वाटेवर भाऊजी गाडी चालवत होते, शेजारी निहार, मागे ऊर्मिला. पत्र जॅकेटच्या आतल्या खिशात होतं. त्याचं काय झालं हे दोन तासांत कुणी विचारलं नाही. उल्मच्या पुढे पेट्रोल पंपावर भाऊजी उतरले आणि कॉफी घेऊन आले. दोन कप. एक निहारला दिला, एक स्वतः घेतला, आणि समोरची काच पुसायला बाहेर गेले.

निहारने आपला कप मागे वळून तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

"सॉरी म्हण ना एकदा," तो हळूच म्हणाला. "मनाला लागलंय त्याच्या. तुझं काय जातंय? संपवून टाक."

काचेपलीकडे भाऊजी जोर लावून काच पुसत होते. ऊर्मिलाने खिशावर हात ठेवला.

"पुढच्या टूरची नावं ऑक्टोबरात घेणार आहे मी," ती म्हणाली. "माझ्या मागे चालायचं असेल तर त्यांनी नाव द्यावं. आणि निहार, तूसुद्धा."