न टेकवलेला दोरा

मला साखरेचा आजार आहे हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं, आणि शेजाऱ्यांनाही मी सांगितलं नव्हतं. घरी मात्र बायकोने रिपोर्ट फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवलेला.

"पाहुणे येतात, काढ तो," मी म्हणायचो.

"पाहुण्यांनापण आहे," ती म्हणायची.

तिनेच मला त्या रविवारच्या गटात नेऊन बसवलं. घोडबंदर रोडला आमची इमारत आहे आणि इमारतीमागे जुनं गाव. तिथल्या गावदेवीच्या देवळाला लागून एक सभागृह आहे. दर रविवारी सकाळी साडेसातला तिथे साखरवाले आणि बीपीवाले जमतात. निम्मे टॉवरमधले, निम्मे गावातले. चालवते एक आरोग्यसेविका, असेल चाळिशीची, पण सत्तरीची माणसंसुद्धा तिला ताई म्हणतात. आधी उपाशीपोटी बोट टोचून साखर बघायची, मग देवळाभोवती फेऱ्या, मग बिनसाखरेचा चहा आणि आठवड्यात कोणी काय चोरून खाल्लं त्याची कबुली. कबुलीला हशा फार. एक आजी दर रविवारी त्याच एका जिलेबीचा गुन्हा कबूल करायच्या.

चहाच्या आधी पाय बघायचे असायचे. साखरेने पायाची जाणीव हळूहळू जाते. खडा रुतला तरी कळत नाही. आणि या वयात गुडघे आणि नजर अशी, की स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही. म्हणून ताईने जोड्या लावून दिल्या होत्या. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने समोर पाटावर, आणि पाय मांडीवर घेऊन टाच, तळवा, नखं, बोटांच्या बेचक्या नीट बघून तक्त्यावर खूण करायची. मग अदलाबदल.

माझ्या जोडीला आले गावातले एक काका. सत्तरीच्या पुढचे, सडसडीत, डोक्याला कायम पांढरा रुमाल. तरुणपणी खाडीवरच्या मिठागरात मीठ ओढलेलं, पुढे भातशेती, पुढे शेतीच्या जागी आमचे टॉवर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कंच्या बिल्डिंगीत?" मी सांगितलं. "हां. तुमच्या लिफ्टखाली माजा भात पिकायचा. आथा साहेब लोक पिकतात. पीक बरा आलाय." आणि स्वतःच खो-खो हसले.

त्यांनी पाटावर बसून माझा पाय ओढला तेव्हा मी अवघडलो. "काका, तुम्ही वडीलधारे. माझ्या पायाला हात नका लावू."

"अरं, पाय काय न डोका काय, एकाच मानसाचा हाय ना? दे हिकडं." त्यांनी एकेक बोट फाकवून बघितलं, नाक मुरडलं नाही. "साहेब, बुटात भाजी लावलीय का? बेचक्यांत पानी ऱ्हातंय. पुसत जा चांगला."

मग माझी पाळी आली.

ते पाय मला आजही दिसतात. टाचांना भेगा, भेगांत कधीच न निघणारा काळा रंग, नखं शिंगासारखी जाड. वास होता की नाही, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. तेव्हा मला तो आला. आमचं मूळ घर कोकणात. तिथे मीठ विकायला येणारा माणूस पडवीच्या खाली बसायचा आणि आई त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. लहानपणी ते बघितलं, मोठेपणी त्याला नावं ठेवली, कॉलेजात त्यावर भाषण करून बक्षीससुद्धा घेतलं. आणि पन्नाशी उलटल्यावर, देवळाच्या सभागृहात, माझा हात त्या तळव्यापासून एक वीत अंतरावर थांबला.

मी पाय मांडीवर घेतला नाही. वाकलो, बघितल्यासारखं केलं आणि लिहिलं: ठीक.

हे मी कोण? वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. न बघता एक नट मी कधी पास केला नाही. लोक मला तिथे खडूस म्हणतात, आणि मला ते आवडतं.

दर रविवारी काका माझे पाय मन लावून बघायचे आणि मी त्यांच्या पायांवर नजर फिरवायचो. पुढे पुढे तीही फिरवेनासा झालो. ते खुर्चीत बसून रुमाल नीट करेपर्यंत माझ्या खुणा झालेल्या असायच्या. त्यांचं लक्ष गप्पांत. "झाला?" ते विचारायचे. "झालं, काका." "तुजा हात हलका हाय, कलत पन नाय." साहेबचं 'तू' कधी झालं होतं, आठवत नाही.

मग ताईने महिन्याच्या पहिल्या रविवारी दोरा आणायला सुरुवात केली. दोरा म्हणजे काडीला बसवलेला नायलॉनचा ताठ तंतू. ज्याचे पाय बघायचे त्याने डोळे मिटायचे, आपण तळव्यावर दहा ठिकाणी तो टेकवायचा आणि दर वेळी विचारायचं, लागलं का? एकाही ठिकाणी 'नाही' आलं तर ताईला सांगायचं, म्हणजे ती डॉक्टरांकडे पाठवणार.

त्या पहिल्याच वेळी काकांनी डोळे मिटले. मी दोरा हातात घेतला आणि तळव्यापासून दोन बोटं अलीकडेच थांबवला. का थांबवला? हात धुवायचा कंटाळा, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

"लागलं का, काका?"

"लागला."

मला वाटलं, चुकून टेकला असेल. दुसऱ्या जागी दोरा आणखी लांब धरला. "लागलं?"

"हां, लागला."

दहाही वेळा लागला. दोरा त्यांच्या पायाला एकदाही शिवला नव्हता.

मी तपासणीतला माणूस. त्याचा अर्थ मला तिथेच कळला. न लागता हा माणूस लागलं म्हणतोय, म्हणजे याला लागणं आणि न लागणं यातला फरक कळत नसणार, आणि तो ते लपवतोय. ताई चार हातांवर उभी होती. तिला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी दोरा टेकवलाच नव्हता, तरी हे हो म्हणाले? मी दहाच्या दहा खुणा केल्या. चहा प्यायलो. आजींची जिलेबी ऐकून हसलोसुद्धा.

पुढचे तीन रविवार मी त्या पायांकडे बघितलंच नाही. आधी किळस होती, आता भीती होती. न बघितलेलं काही नसतंच, अशी काहीतरी माझी समजूत होती. तीन वेळा लिहिलं: ठीक, ठीक, ठीक.

चौथ्या रविवारी काका आले नाहीत. त्यांच्या सुनेने ताईला फोन केला होता. धुवायला टाकलेल्या मोज्यावर तिला पिवळा डाग दिसला. डाव्या पायाच्या करंगळीच्या बेचकीत जखम होती, आतपर्यंत गेलेली. चालायच्या बुटात खडीचा एक बारीक तुकडा होता, तो तिने नंतर काढला. किती दिवस होता, देव जाणे. करंगळी काढावी लागली. पाय वाचेल की नाही, हे डॉक्टरांनी आठवडाभर सांगितलं नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते लिहून उपयोग नाही. ऑफिसात गेलो, नट तपासले. बायको एकदा म्हणाली, "तुझे जोडीदार ना ते? भेटून ये की." मी म्हणालो, गर्दी नको करायला. पाय वाचला हे मला तिच्याकडूनच कळलं.

दीड महिन्याने काका सभागृहात आले. कुबडी, पायात मोठा मऊ बूट, रुमाल मात्र तसाच कडक. सगळे उठून उभे राहिले. ताईचे डोळे भरलेले, आणि ती चिडलेलीसुद्धा होती. "काका, तक्त्यावर दर आठवड्याला ठीक आहे. मग हे झालं कसं?" असं म्हणत ती माझ्याकडे वळली. माझे कान तापले. आता विचारणार.

पण काकांनीच हात वर केला.

"त्याला काय बोलू नको, ताई. त्यानी दर हप्त्याला बगितला. चूक माजी हाय. तो दोरा लावी, मना काय बी कलत नव्हता. पन नाय बोललू तर तू हास्पिटलात धाडशील, म्हनून मी लागला लागला बोललू. समोरचा मानूस एवढा मन लावून करतंय न मी त्याला खोटा बोलतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माप कर रं मना."

 मग जिलेबीवाल्या आजी म्हणाल्या, "बघा, किती खरं बोललं माणूस," आणि टाळ्या वाजल्या. एक-दोघांनी माझ्याही पाठीवर हात ठेवला. ताई मला म्हणाली, "सॉरी हं दादा, माझ्या मनात क्षणभर भलतंच आलं होतं."

मी म्हणालो, "असू दे."

माझ्या आयुष्यात मी केलेल्या सगळ्या लबाड्यांत हे 'असू दे' मला सगळ्यात जड जातं. न बघता खूण करणं हा आळस म्हणता येईल, किळस म्हणता येईल. पण ज्याचं बोट गेलं त्या माणसाने माझी माफी मागितली आणि मी ती घेतली.

त्यानंतर दोन रविवार मी दांडी मारली. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. तीन मजली घर, अंगणात तुळस आणि दोन मोटारी. काका ओट्यावर पाय खुर्चीत टाकून बसले होते. "आलास? बस. सूनबाय, चाय टाक, याला साकर नको."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. दोरा टेकवला नव्हता. पाय कधीच मांडीवर घेतला नव्हता. तीन आठवडे बघितलंसुद्धा नव्हतं. आणि तुम्ही लागला म्हणालात तेव्हा मला कळलं होतं.

काकांनी आपल्या पायाकडे बघितलं.

"लावलाच नव्हता?"

"नाही."

"एकदा बी?"

"नाही, काका."

"मी डोले मिटून वाट बगत होतो," ते म्हणाले. "वाटला, आथा कलेल, आथा कलेल. काय कलना. मना वाटला माजा पाय मेला. घरी कुनाला बोललू नाय." मग एकदम मान वर केली. "का नाय लावलास?"

वडीलधारे होतात म्हणून, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "किळस आली."

आतून सून चहा घेऊन दाराशी आली होती. तिने ऐकलं. काका तिला म्हणाले, "चाय आत ने." आणि मला म्हणाले, "मना सांगलास. आथा उद्या ताईला सांग. समद्यांसमोर सांग. मी समद्यांसमोर सांगला होता ना?"

मी रविवारी सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. ताईने फाइल काढून माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. काकांच्या तक्त्यावरची माझी प्रत्येक खूण मी स्वतः खोडली आणि शेजारी लिहिलं: बघितले नाही. खाली सही केली. सतरा आठवडे होते. त्या दिवशी माझी बायकोही आली होती, समोर बसली होती.

काकांना दुसरा जोडीदार मिळाला, एक निवृत्त बसचालक. मला बरेच दिवस कोणी नव्हतं. मग जिलेबीवाल्या आजींनीच पाय पुढे केला. "माझे बघ. पण नीट बघ हो," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने म्हणाल्या. मी पाय मांडीवर घेतो, बोटं फाकवतो, दोरा टेकवतो. त्याने काही फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. काका माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचे पाय बघायची माझी हिंमत नाही आणि त्यांची परवानगीही नाही.

निघताना सभागृहाच्या दाराशी पायताणं असतात. घालण्याआधी प्रत्येकाने आत हात घालून खडा बघायचा, असा काकांच्या करंगळीनंतर ताईने नियम केलाय. वाकता न येणाऱ्यांची पायताणं मी बघतो. ते काम मी कुणाला विचारून घेतलं नाही. काकांचा तो मऊ बूटही मी बघतो, आत बोटांच्या टोकापर्यंत हात घालून, आणि त्यांच्यापुढे ठेवतो. ते भिंतीला धरून उभे असतात, दुसरीकडे बघत. पाय घालतात आणि निघून जातात.

गेल्या रविवारी मी घाईत होतो. एक बूट बघून ठेवला आणि दुसरा तसाच पुढे सरकवला. काकांनी पाय घातला नाही.

"त्यात पन बग," ते म्हणाले.

मी खाली बसलो आणि हात आत घातला.