छत्रीतल्या कुरडया
कुरडई तळल्याचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. लहानपणी उन्हाळ्यात आणे गावातल्या आमच्या घराच्या स्लॅबवर गव्हाच्या चिकाचा आंबूस वास भरलेला असायचा आणि खाली मी हिंदीत लागणारं एक जुनं जपानी कार्टून बघत बसायचे. त्यातला पोरगा दिवसा शाळेत जायचा आणि शाळा सुटली की डोंगराएवढ्या यंत्रमानवात बसून लढायचा. शेवटच्या भागात नेमका वार्षिक परीक्षेच्या दिवशीच शत्रूनं हल्ला केला. पोरगा शाळेच्या फाटकात थबकला, आणि आमच्या टीव्हीचा सिग्नलच गेला! मी तरातरा वर गेले. काकीनं डिशची छत्री उताणी करून तिच्यात कुरडया वाळत घातल्या होत्या. “काकी, आता त्या पोराचं काय झालं ते मला कोण सांगणार?” मी ओरडले. “पेपरला गेला आसंल की,” ती सोऱ्या फिरवत म्हणाली, “शहाणं पोर हाय. तू बी अभ्यासाला बस.” मी बसले. त्या पोराकडं बघून दहावी, बारावी, कॉलेज, सगळे पेपर मुकाट्यानं दिले. परवा कुरडया तळता तळता मोबाईलवर तो शेवटचा भाग सापडला. पठ्ठ्या पेपरला गेलाच नव्हता!