जड हात

"मालीश कोण करतं हिची?" सिस्टरनं विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

दवाखान्याच्या टेबलावर माझी आठ दिवसांची बहीण उघडी पडली होती. बेंबीतून रक्त झिरपत होतं. दोन फडकी भिजली होती. पाठीवर निळे डाग होते. बोटाएवढे.

सिस्टरनं माझा हात धरला, उलटासुलटा केला. कापूस वेचून बोटं खरबरीत झालेली.

"हे बघा. तुमच्या लोकांचे हातच जड. बाळ आहे का धुणं आहे, आपटायला?"

मागे रांगेत बाया होत्या. दोघी हसल्या.

अकोल्याला न्या म्हणाले. वाटेतच ती गेली. बारसंही झालं नव्हतं तिचं.

आईनं मला कधी बोल लावला नाही. पण मावशी तिचं बाळ घेऊन आली, तेव्हा माझ्या हातातली तेलाची वाटी आईनं काढून घेतली. त्या दिवसापासून मी कुणाच्या लेकराला हात लावला नाही. सांगायला बरं वाटत नाही, पण मी भाकरसुद्धा घाबरत थापायची. जाड व्हायची. आई तशीच खायची.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. कारंजाला एसटीनं जाते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात मी कधी प्रश्न विचारला नव्हता. या वर्षी सर रक्त गोठण्याबद्दल शिकवत होते. म्हणाले, त्याला व्हिटॅमिन के लागतं. नवजात बाळात ते फार कमी असतं. आईच्या दुधातूनही पुरेसं मिळत नाही. म्हणून जन्मल्यावर लगेच मांडीत एक इंजेक्शन देतात.

मी उभी राहिले. कशी, मला माहीत नाही.

"सर, नाही दिलं तर?"

"बऱ्याच बाळांना काही होत नाही. पण काहींचं रक्त थांबत नाही. बेंबीतून येतं, नाकातून येतं. अंगावर निळे डाग पडतात. कधी मेंदूतही रक्तस्राव होतो."

"मालीशनं नाही?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "साध्या तेल-मालीशनं असं होत नाही," म्हणाले.

घरी येऊन पेटीतून बहिणीचं दवाखान्याचं कार्ड काढलं. नावाच्या जागी आईचंच नाव. वजन लिहिलेलं. व्हिटॅमिन केचा रकाना कोरा.

आईला विचारलं.

"घरीच झाली नं ते पोरगी, दवाखान्याची गाडी आली नाही म्हणून," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी नेलं होतं म्या तिले. म्हटलं, बाई, जलमल्यावरची सुई द्या. तं सिस्टर म्हने, घरी बाळंत व्हाचं अन् सुया मांगाले इथं याचं. सुयांचा वार बुधवार. तवा ये."

बुधवारी आम्ही गेलोच होतो. रक्ताचं फडकं घेऊन.

मी तिला सगळं सांगितलं. ती चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत राहिली.

"म्हंजे तुह्या हातानं नाही?"

"नाही, माय."

"आठ वर्सं, पोरी," ती म्हणाली. एवढंच.

गेल्या महिन्यात दादाची बायको त्याच दवाखान्यात बाळंत झाली. तीच सिस्टर. तेच टेबल. मी विचारलं, "व्हिटॅमिन के दिलं का?"

"बुधवारी आणा. सगळ्या सुया एकदम देऊ."

"हे बुधवारचं नाही. जन्मल्याबरोबरचं आहे."

"तू शिकवणार मला? बाजूला हो. लोक खोळंबलेत."

"नाही होत."

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तशीच उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं नाही तिनं. मग मागचं कपाट उघडलं. औषध तिथंच होतं. हात लांब केला की मिळेल, इतक्या जवळ.

मांडीत सुई गेली. एक थेंब रक्त आलं. सिस्टरनं कापूस ठेवला आणि वळली. मी अंगठ्यानं तो दाबून धरला. उचलून पाहिलं. परत दाबला. परत पाहिलं.

थांबलं होतं.

"तारीख लिहा," मी म्हणाले. तिनं लिहिली.

येत्या बुधवारी मी परत जाणार आहे. बहिणीचं कार्ड घेऊन, आईला घेऊन. रांगेतल्या बायांसमोर मला जड हाताची म्हटलं होतं. रांगेतल्या बायांसमोरच विचारणार, हा रकाना कोरा कुणी ठेवला. सिस्टर म्हणेल, बाजूला हो. लोक खोळंबलेत.

खोळंबू देत. मी हलणार नाही.