मामाजींची डावी बाजू

चूक ही दुसऱ्याने करायची गोष्ट असते, असा आमच्या मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, ठाम सिद्धान्त होता. पंचांगाशी पटलं नाही तर पंचांगवाल्याचं चुकलं. पुसदची मोटार निघून गेली तर ड्रायव्हर उतावळा. आणि कपाशीच्या दोन ओळींमधून तण काढायला बैलांचा डवरा हाकताना आपल्या हातून एक रोप कधी कापलं गेलं नाही, हे तर ते पाव्हण्याला पाण्याच्या आधी सांगत. पण तेवढं मात्र खरं होतं हो!

महाराष्ट्र झाला त्या सुमारास मामाजींना लकव्याचा झटका आला. हातपाय दोनेक महिन्यांत सावरले, पण जेवताना रोज तंटा. "काहून वं, या घरात ठेचा बंद झाला काय?" सासूबाई थक्क! ठेचा, कांदा, लोणचं, सगळं ताटाच्या डाव्या बाजूला, जिथं वाढायचं तिथंच होतं. शेवटी वैतागून त्यांनी ताटच फिरवलं, तर ठेचा सापडला आणि भाजी नाहीशी झाली. कहर झाला तो नणंदेला पाहायला पाव्हणे आले तेव्हा. पाव्हणे मामाजींच्या डाव्या हाताला बसलेले, आणि मामाजी उजवीकडच्या शेजाऱ्याला सांगतात, "अजून पत्ता नाही लेकाच्यांचा. भलतेच आळशी दिसून राह्यले."

यवतमाळच्या डॉक्टरांनी उलगडा केला. डोळे ठणठणीत होते, डावीकडचं पाहणारा मेंदूचा भाग दुखावला होता. गेलेली नजर परत येईल असं सांगवत नाही म्हणाले, पण मान वळवून डावीकडे शोधायची सवय लावा, रोज, कंटाळा न करता. "मले सगळं दिसते," मामाजी उठत म्हणाले, "डावीकडे पाह्यण्यासारखं असतेच काय?" आणि दाराच्या डाव्या चौकटीवर आदळले. मग घरी पोचेपर्यंत दार बांधणाऱ्या सुताराचा उद्धार चालू होता.

पण घरी आल्यावर माझे यजमान म्हणाले, "बाबा, आता डवरा मी पाह्यतो. तुम्ही घरी बसा." मामाजी उठून गोठ्यात गेले आणि बैलांना वैरण टाकत बसले. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, "पोरी, शिकव मले डावीकडचं."

आणि काय शिकले हो! मी ओसरीवर चिंचोके पसरायची, ते डाव्या टोकापासून वेचायचे. सासूबाईंचा कायदा असा की डावीकडच्या सगळ्या पदार्थांची हजेरी घेतल्याशिवाय पहिला घास नाही. "ठेचा हाये. कांदा हाये. लोणचं... थांब वं, हाये, हाये!" रस्त्याने जाताना मान सारखी इकडून तिकडे. एकदा गावातल्या सभेत एक वक्ता बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला पटत नाही काय?" मामाजी म्हणाले, "पटते न बापा. बोल तू. मी डाव्याची अन् उजव्याची पाहणी करून राह्यलो."

पुढच्या हंगामात कपाशी वीतभर झाली, तसे ते वावरात येऊन उभे राहिले. "एक ओळ हाकतो. डावीकडचं रोप कापलं गेलं अन् मले समजलंच नाही, तर उद्यापासून घरी बसतो." यजमानांनी नाइलाजाने कासरा त्यांच्या हातात दिला. चार पावलं आणि मान डावीकडे, पुन्हा चार पावलं, पुन्हा मान. मी मागून चालत होते. निम्म्या ओळीत एक रोप गेलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. मामाजी दोन पावलं पुढे गेले, मान वळली, बैल थांबले. वाकून त्यांनी ते रोप उचललं आणि लेकाला ओरडून सांगितलं, "कापलं रे! माह्याच हातानं कापलं! अन् मले दिसलं!"

आपली चूक इतक्या आनंदाने कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. यजमान तर सरळ रडायलाच लागले. मामाजींनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली, त्यातल्या कपाशीच्या दोन बिया, दोन सरक्या, त्या जागी मातीत टोचल्या आणि बैल हाकले.

गाठीत मूठभर सरकी होती. म्हणजे मूठभर चुका होणार, हे मनाशी धरून तो मानी माणूस वावरात आला होता, आणि तरी आला होता. मला माझ्या सासऱ्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

आता मामाजी नाहीत. त्या वर्षी त्या दोन सरक्या उशिरा उगवल्या आणि त्यांना बोंडंही उशिराच लागली. वेचताना तो कापूस वेगळा ठेवावा असं फार मनात आलं होतं, पण ओटीत पडला आणि बाकीच्या कापसात मिसळून गेला.