फोटोशिवाय सत्कार कसला?

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये एक अरब कवी राहतात. त्यांच्या देशात त्यांनी देशावर कविता लिहिल्या आणि निवडणुकीलाही उभे राहिले. मतदानाच्या आधी शिपायांनी त्यांचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार आपटलं. चार वेळा. मी हाडांची डॉक्टर, आता रिटायर्ड. एकदा त्यांनी मला एक्स-रे दाखवला होता. चारही बोटं मोडून वेडीवाकडी जुळलेली. पाहून माझं डोकंच फिरलं.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कविता म्हणायला मी त्यांना बोलावलं. ते म्हणाले, "येतो, पण फोटो नको. धाकटा भाऊ अजून तिकडेच आहे. मी इथे गप्प आहे, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही."

"माझी जबाबदारी," मी म्हटलं. मोठी आली जबाबदारी घेणारी.

त्यांनी अरबीत कविता म्हटली, त्यांच्याकडून आधी इंग्रजीत समजून घेतलेला अर्थ मी मराठीत सांगितला. चौकात गोळीबार, रक्तात पडलेल्या चपला, त्यातली एक आईची. समोशाची प्लेट हातात घेऊन सगळे तसेच बसून राहिले. मग आमची नेहमीची शाल आणि श्रीफळ. सेक्रेटरी मुलगी म्हणाली, "काकू, एक फोटो तरी हवाच ना, मंडळाच्या पेजवर टाकायला."

आणि मी शहाणी म्हणाले, "काढ गं एक. फोटोशिवाय सत्कार कसला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत माझा शब्द खाली पडू नये म्हणून ते नारळ धरून उभे राहिले. मला ते कळलं होतं, तरी मी हसून त्यांच्या शेजारी उभी राहिले. या गोष्टीची मला आजही चीड येते.

पुढच्या आठवड्यात दुपारी त्यांनी बेल वाजवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन पुढे केला. स्क्रीनवर एक्स-रे होता. उजवा हात, चार बोटं.

"हा तुमचाच ना, जुना?" मी विचारलं.

"भावाचा. परवाचा. आधी त्याला आपला फोटो दाखवला, मग दार आपटलं." त्यांचा आवाज चढला नाही. "त्याने आयुष्यात कविता लिहिली नाही, डॉक्टर. त्याची बेकरी आहे. हात बरा होईल?"

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खोटं बोलायची फार इच्छा झाली.

"हाडं जुळतील," मी म्हटलं. "पीठ मळता येणार नाही."