लग्नाच्या सकाळचा प्रश्न

मर्ल ट्रेझीस चहा उभ्यानेच प्यायची. समुद्रावरचं लग्न असलं की तासभर आधी जाऊन वारा बघून यायची. कागद उडू नयेत म्हणून खिशात दोन चपटे दगड ठेवायची. नावातलं एकेक अक्षर दोनदा विचारायची. लग्नातला केक तिने कधीच खाल्ला नाही.

सेदूना या किनाऱ्यावरच्या गावात एकोणीस वर्षं लग्नं तीच लावत आली, सरकारी परवान्याने. महिनाभर आधी लग्नाची नोटीस, जन्माचे दाखले, दोन साक्षीदार, तीन प्रमाणपत्रं. कागदांत आपली एकदाही चूक झाली नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

वधूवरांना एकेकटं गाठून "मर्जीने करताय ना?" असं विचारणं कायद्यानेच आलं. ते आधी कधीही उरकलेलं चालतं. मर्ल मात्र लग्नाच्या सकाळीच विचारायची. म्हणायची, "महिन्यापूर्वीचा होकार शिळा होतो."

ब्रायनीलाही तिने असंच विचारलं. ब्रायनी नटून तयार होती.

"हेमिश हवाय मला," ती म्हणाली. "पण आज नको. ॲडलेडला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. त्याची आई म्हणते, आता कशाला शिकतेस? तारीखही तिनेच ठरवली. मी नुसती मान हलवली."

"मग आज लग्न लागणार नाही."

"बाहेर एकशेवीस माणसं बसलीत, मर्ल! कुठल्या तोंडाने सांगू?"

"त्यांना मी सांगते. हेमिशला मात्र खरं काय ते तूच सांगायचं. आजच."

मर्ल खुर्च्यांसमोर जाऊन उभी राहिली. "कागदांत चूक झालीय. माझी. आज लग्न होणार नाही."

हेमिशची आई ग्लेनिस ताडकन उठली. "तुझी चूक? एकोणीस वर्षं टेंभा मिरवलास, आणि आमच्याच वेळी माती खाल्लीस? पाचशे कालवं उघडून ठेवलीत मी!"

"खाऊन घ्या मग. कालवांना नोटीस लागत नाही."

लोक हसले. ग्लेनिस हसली नाही. त्यानंतर तीन जोडप्यांनी लग्न लावायला पोर्ट लिंकनहून माणूस बोलावला. मर्लच्या कानावर ते आलं. ब्रायनीची नोटीस तिने कपाटात ठेवून दिली. नोटीस दीड वर्ष चालते.

वर्षभराने ब्रायनी ॲडलेडहून आली. हेमिशला घेऊन थेट मर्लच्या दारात.

"तारीख आम्ही दोघांनी ठरवलीय. सतरा."

"सकाळी विचारणार मी."

"विचारा की. उत्तर पाठ आहे माझं."

"पाठ केलेलं मी ऐकत नाही," मर्ल म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रमाणपत्रं भरायला बसली.

त्याच टेबलाशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दोन प्रमाणपत्रं भरून झाली होती. तिसऱ्यावर हेमिशचं पूर्ण नाव होतं, नीट, सावकाश लिहिलेलं. ब्रायनीचं लिहायचं राहिलं.